सोसायटीच्या दर्शनी भागाला एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) लावायचं चाललंय. आगीच्या बाजूने हे नक्की तपासतं कोण?

पादरारोडकर
बडोद्यात जुन्या पादरा रोडवरची बारा मजली इमारत. खाली दुकानं, त्यावर दोन मजले क्लिनिक आणि ऑफिसं, वर फ्लॅट. दर्शनी बाजूचं प्लास्टर जागोजागी फुगलंय. परत रंग काढण्यापेक्षा एसीपी मारून टाका, दहा वर्षं बघायला नको, असा प्रस्ताव कमिटीपुढे आहे. कोटेशनमधली ओळ अशी: "एसीपी ४ एमएम, एफआर ग्रेड, फ्रेम व फिटिंगसह". बाकी काही नाही.

सेवासदनाची (महानगरपालिकेची) किंवा फायरची यासाठी वेगळी परवानगी लागते का? "एफआर ग्रेड" म्हणजे काय, आणि तो खरंच एफआर आहे हे सरकारी बाजूने कुणी पाहतं का? फायर एनओसीचं नूतनीकरण झालेलं आहे, त्यामुळे कमिटीत बहुतेकांना हा प्रश्नच अनाठायी वाटतो.

सूरसागरचा_मासा
पोलिसातला एसीपी परवडला, निदान त्याच्या खांद्यावर हुद्दा तरी दिसतो. या एसीपीच्या पोटात काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही.

पॉलिमरवाला
मासेराव थट्टेत मुद्द्याचं बोलून गेले. एसीपी म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे आणि मधे कोअर. ४ मिमीच्या पत्र्यात वरचा-खालचा पत्रा प्रत्येकी ०.५ मिमी धरला तर मधे ३ मिमी कोअर उरतो. स्वस्त मालात हा कोअर सरळ पॉलिएथिलीन असतो, बहुतेकदा काळा, पुनर्वापरातला. बडोद्यात आयपीसीएलच्या पेट्रोकेमिकल कारखान्याच्या काळापासून एलडीपीई (पॉलिएथिलीनचाच एक प्रकार) माहीत नाही असं घर क्वचितच असेल, तेव्हा हे काय प्रकरण आहे ते सांगायला नको.

आता हिशोब. पॉलिएथिलीनची घनता साधारण ०.९२. म्हणजे चौरस मीटरला ३ मिमी जाडीचा कोअर सुमारे २.७५ किलो. एक किलो जळला की ४३ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता. म्हणजे चौरस मीटरमागे जवळपास १२० मेगाज्यूल, साडेतीन लिटर पेट्रोलइतकी. १५ मीटर रुंद, ३६ मीटर उंच दर्शनी भाग पूर्ण मढवला तर ५४० चौरस मीटर, दीड टन प्लास्टिक, १९०० लिटर पेट्रोलच्या तोडीचं इंधन. ते भिंतीला उभं चिकटवलेलं, आणि मागे हवेची पोकळी.

अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पॉलिएथिलीन ११०-१३० लाच. खिडकीतून बाहेर पडणाऱ्या ज्वाळेचं तापमान याहून बरंच वर असतं. पत्रा फुगतो, सुटतो, कोअर वितळून थेंब-थेंब जळत खाली गळतो. आग वरही जाते आणि खालीही जाते.

अकोटा_आर्किटेक्ट
वरच्या हिशोबात भर घालतो, कारण "एफआर म्हणजे पेटत नाही" असा समज सगळीकडे आहे. एफआर म्हणजे फायर रिटार्डंट, आग मंदावणारा. अशा कोअरमध्ये ढोबळमानाने ७० टक्के खनिज भुकटी असते, बाकी पॉलिमर. उष्मांक किलोमागे १३ मेगाज्यूलच्या आसपास. पण हा कोअर जड असतो, चौरस मीटरला साडेचार किलोच्या घरात. गुणाकार केला की ६० मेगाज्यूल. पीईच्या (पॉलिएथिलीनच्या) निम्मे, शून्य नव्हे. ए२ दर्जाच्या कोअरमध्ये खनिज ९० टक्क्यांवर जातं आणि उष्मांक किलोला ३ मेगाज्यूलच्या आत ठेवावा लागतो.

"एफआर ग्रेड" हा दर्जा नाही, दुकानदाराचा शब्द आहे. दर्जा लिहायचा तर युरोपीय वर्गीकरण ईएन १३५०१-१ प्रमाणे: ए१, ए२, बी, सी असं खाली एफपर्यंत. त्यापुढे एस म्हणजे धूर आणि डी म्हणजे जळते थेंब. "ए२-एस१,डी०" लिहिलं म्हणजे धूर कमीत कमी, थेंब नाहीत. तुमच्या कोटेशनात यातलं काहीच नाही. उद्या काहीही लावलं तरी ते कराराप्रमाणेच ठरेल.

जुना_नकाशा
परवानगीचं सांगतो. गुजरातमध्ये २०१३ चा आग प्रतिबंध व जीवसुरक्षा कायदा आहे, २०१४ चे नियम आहेत, बांधकामाला २०१७ ची सीजीडीसीआर ही नियमावली. त्यामागे राष्ट्रीय बांधकाम संहिता, एनबीसी २०१६, तिचा भाग ४ आगीचा. संहिता स्वतः कायदा नाही. राज्य आणि महापालिका तिला आपल्या नियमांत ओढून घेतात तेव्हाच ती बांधते. अग्निशमन घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत आहे. म्हणून प्रत्येक शहराची शिस्त वेगळी.

कागदाचा प्रवास असा: आधी फायर सेफ्टी प्लॅनची मंजुरी, काम झालं की फायर सेफ्टी सर्टिफिकेट, मग नूतनीकरण. हे आता राज्याच्या पोर्टलवर चालतं, आणि नूतनीकरणाची तपासणी नोंदणीकृत खाजगी फायर सेफ्टी ऑफिसर करू शकतात. प्लॅनमध्ये काय पाहतात? जिने, त्यांची रुंदी, टाकी, पंप, रायझर, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म, गाडी फिरायला जागा. नूतनीकरणाला काय पाहतात? तेच, चालू आहे की नाही. जॉकी पंप दाब धरतो का, डिझेल पंप सुरू होतो का, गच्चीवरच्या शेवटच्या हायड्रंटला साडेतीन किलोचा दाब येतो का.

आता तुमची एसीपी यात कुठे बसते? बी.यू. (इमारत वापरायची) परवानगी मिळून वर्षं झालेली. नव्याने मढवणं म्हणजे कमिटीच्या लेखी दुरुस्ती, कंत्राटदाराच्या लेखी एलिव्हेशन. नकाशात क्षेत्रफळ वाढत नाही, त्यामुळे अर्जच होत नाही, आणि अर्ज नाही तर तपासणी नाही. नूतनीकरण झालेली एनओसी तुमच्या भिंतीवर काय येणार आहे याबद्दल एक अक्षर बोलत नाही. खोटेपणा नसला तरी केवढी मोठी खिंड आहे पाहा.

गोत्रीवासी
थोडं उलटं बोलतो, रागवू नका. आपल्याकडे माणसं भिंतीच्या मढवणीने मरत नाहीत. सुरतचं तक्षशिला आर्केड, २४ मे २०१९, बावीस विद्यार्थी: वरच्या मजल्याला एकच जिना, तोही लाकडी. राजकोटचा गेमझोन, २५ मे २०२४, सत्तावीस मृत्यू: पत्र्याची शेड, वेल्डिंग चालू, एनओसीच नाही. अहमदाबादचं श्रेय हॉस्पिटल, ६ ऑगस्ट २०२०, आठ रुग्ण: आयसीयू. यात एसीपीचा कोअर कुठे आला? बडोद्यातल्या निम्म्या इमारतींत जिन्यात सायकली, जुने माठ आणि कुणाचं तरी मोडकं कपाट ठेवलेलं असतं. आधी तो जिना मोकळा करा, मग उष्मांक मोजा. विलायतेतली भीती इथे आणून कमिटीला घाबरवण्यात अर्थ नाही.

खडीसाखर
गोत्रीवासींना अनुमोदन. माठाच्या मुद्द्याला विशेष.

अकोटा_आर्किटेक्ट
गोत्रीवासी, जिन्याबद्दल शंभर टक्के. पण दोन गोष्टी तोडून पाहू नका. आपली सगळी व्यवस्था, म्हणजे जिना, दोन तास आग अडवणारे दरवाजे, मजल्याचा स्लॅब, स्प्रिंकलर, या एका गृहीतकावर उभी आहे की आग ज्या मजल्यावर लागली तिथेच काही वेळ राहील. ज्वलनशील मढवणी ते गृहीतकच मोडते. आग बाहेरून चढते आणि प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून परत आत शिरते. स्प्रिंकलर आतल्या छताला असतो, बाहेरच्या भिंतीला नाही.

मेलबर्नची लॅक्रोस इमारत, नोव्हेंबर २०१४: आठव्या मजल्याच्या बाल्कनीत सिगारेटचं थोटूक, आणि दहा-अकरा मिनिटांत आग एकविसाव्या मजल्यावर. जीवितहानी झाली नाही, स्प्रिंकलरने आतली बाजू सांभाळली. लंडनचा ग्रेनफेल टॉवर, १४ जून २०१७, चोवीस मजले, ७२ मृत्यू. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून. तिथे जिना एकच होता, तोही तुमच्या म्हणण्याप्रमाणे महत्त्वाचा. म्हणूनच म्हणतो, दोन्ही एकदम.

जुना_नकाशा
आणि "विलायतेतली भीती" म्हणून सोडू नका, कारण तिथे देखरेख कशी फसली ते आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं. ब्रिटनमध्ये बाहेरच्या भिंतीला "क्लास झिरो" लागायचा. ती चाचणी पृष्ठभागावर ज्वाळा किती पसरते याची. पृष्ठभाग कशाचा? अॅल्युमिनियमचा. तो कशाला पेटेल? पास. कोअरकडे चाचणीने पाहिलंच नाही. २००१ मध्ये सरकारनेच करवलेल्या मोठ्या चाचणीत पीई कोअरचा पत्रा भयंकर पेटला होता. तो निकाल बाहेर आला नाही आणि नियमही बदलला नाही. ग्रेनफेल चौकशीच्या दुसऱ्या टप्प्याच्या अहवालात, ४ सप्टेंबर २०२४ ला, हे सगळं आलंय.

दुसरं: त्याच पत्र्याच्या दोन जोडण्या. रिव्हेटने सपाट ठोकला तर दर्जा बरा, कडा दुमडून खोक्यासारखा टांगला तर दर्जा फारच खाली. विकताना दाखवला बरा दर्जा, लावला दुसऱ्या पद्धतीने. आपल्याकडे आज जे ट्रे करून लावतात ते हेच खोकं.

नंतर त्यांनी काय केलं तेही पाहा. २०१८ च्या डिसेंबरात १८ मीटरवरच्या निवासी इमारतींना ज्वलनशील बाहेरची भिंत बंद. २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अॅक्ट: १८ मीटर किंवा सात मजले गाठले की इमारतीला जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, आणि कुठे कुठलं सामान लागलं याची नोंद इमारत उभी आहे तोवर जपावी लागते. आपल्या कायद्यातही मालक-भोगवटादारावर जबाबदारी आहे. नोंद ठेवायची सक्ती मात्र कोअरपर्यंत पोचलेली नाही.

सूरसागरचा_मासा
लॅक्रोसमध्ये शेवटी पैसे कुणी भरले?

जुना_नकाशा
बिल्डरला आधी भरायला लावले, मग न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये वाटणी केली: फायर इंजिनिअर ३९ टक्के, तपासणी करणारा बिल्डिंग सर्व्हेअर ३३, आर्किटेक्ट २५, आणि सिगारेट टाकणारा ३. म्हणजे सही करणाऱ्यांवर जवळपास सगळं. अकोट्याचे साहेब, झोप लागते ना?

अकोटा_आर्किटेक्ट
म्हणूनच तर इथे एवढं टंकतोय.

पॉलिमरवाला
पादरारोडकर, माल ओळखायच्या सोप्या युक्त्या देतो. कंत्राटदाराकडून बरोबर १० सेमी बाय १० सेमीचा तुकडा कापून घ्या आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. ४ मिमी, ०.५ च्या पत्र्यांचा तुकडा पीई असेल तर ५५ ग्रॅमच्या आसपास, एफआर असेल तर ७५ च्या आसपास. ३ मिमी, ०.२५ चा असेल तर ३६ विरुद्ध ५३. एवढा फरक कुठलाही काटा दाखवतो. पत्र्याची जाडी आधी व्हर्निअरने मोजा, ०.५ सांगून ०.३ दिला तर वजनाचा अंदाज चुकेल, शिवाय तुम्ही फसलात हेही कळेल.

दुसरं, चाकूने कोअरचा कपटा काढून पाण्यात टाका. पीई तरंगतो. खनिज भरलेला बुडतो.

कलाभवन_७१
पॉलिमरवाले, बुडाला म्हणजे एफआर, हे लोकांना सांगू नका. हल्ली खडू भरतात. कॅल्शियम कार्बोनेट. स्वस्त, वजन वाढतं, कपटा दगडासारखा बुडतो आणि काट्यावरही पास होतो.

खरा एफआर कसा चालतो ते लक्षात घ्या. त्यात अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. पहिलं २०० अंशाच्या पुढे मोडतं आणि आपल्या वजनाच्या एक तृतीयांश पाणी वाफेच्या रूपात सोडतं; दुसरं ३३० च्या आसपास. नेमकं पॉलिमर पेटायच्या वेळी वाफ उष्णता खाते आणि ज्वालाग्राही वायू पातळ करते. खडू असलं काही करत नाही. तो मोडतो ७००-८०० अंशाच्या घरात, तोवर पॉलिमर केव्हाच संपलेला असतो. खडूमुळे जळायला माल कमी राहिला एवढाच फायदा.

म्हणून चाळणी दोन पातळ्यांची. तरंगला तर तिथेच नापास, पुढे बोलायलाच नको. बुडाला तर तो प्रयोगशाळेत. अहमदाबादला सीपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे. थर्मोग्रॅव्हिमेट्री करून घ्या, म्हणजे तुकडा तापवत नेताना कुठल्या तापमानाला किती वजन घटतं त्याचा आलेख. हायड्रॉक्साइडची पायरी आणि खडूची पायरी वेगवेगळ्या जागी पडते, खोटं लपत नाही. उष्मांक हवा असेल तर आयएसओ १७१६ प्रमाणे बाँब कॅलरीमीटर. पूर्ण आगीच्या चाचण्यांसाठी रुडकीचं सीबीआरआय, म्हणजे केंद्रीय बांधकाम संशोधन संस्था.

पॉलिमरवाला
मान्य. माझं वाक्य असं वाचा: तरंगणं हा गुन्ह्याचा पुरावा, बुडणं हे निर्दोषत्व नव्हे.

खडीसाखर
काडेपेटीने पेटवून पाहिलं तर?

कलाभवन_७१
ताई, ते व्हॉट्सअॅपवर छान दिसतं. छोट्या काडीला सपाट पत्रा कुठलाच पेटत नाही, कारण ज्योत अॅल्युमिनियमला लागते आणि ते उष्णता पसरवून टाकतं. विक्रेते हाच खेळ करून दाखवतात. उघड्या कडेला ज्योत धरली तर पीई मेणासारखा गळत जळतो हे खरं, पण बी दर्जा आणि ए२ यातला फरक काडीने कळायचा नाही. गॅलरीत तर करूच नका.

वाघोडियाचा_वेल्डर
लावण्यातल्या चुका लिहितो, माल चांगला असूनही इमारत वाईट होते ती इथे.

भिंतीला एल-क्लॅम्प, त्यावर अॅल्युमिनियमचे बॉक्स सेक्शन, त्यावर पत्र्याचा ट्रे. भिंत आणि पत्रा यांत ५० ते ७५ मिमीची पोकळी उरते. उभे सेक्शन तळापासून गच्चीपर्यंत सलग गेले की पोकळीही सलग. हेच धुराडं. पोकळीत ज्वाळा शिरली की मोकळ्या हवेतल्यापेक्षा कितीतरी लांब होते, कारण दोन्ही बाजूंनी उष्णता परत मिळते आणि खालून हवा ओढली जाते. यासाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबच्या पातळीला आडवा आणि खिडकीच्या चारी बाजूंना कॅव्हिटी बॅरियर पाहिजे. रॉकवूलचा दाबून बसवलेला पट्टा, स्टीलच्या पट्टीने भिंतीला बांधलेला. वायुवीजन ठेवायचं असेल तर बाहेरच्या कडेला फुगणारा इंट्यूमेसंट पट्टा, जो तापला की उरलेली फट बंद करतो.

काय होतं? पट्टा फक्त पुढच्या बाजूला लावतात, उभ्या सेक्शनमागे फट राहते. रॉकवूलऐवजी ग्लासवूल ठासतात. रॉकवूल १००० अंशापर्यंत टिकतं, ग्लासवूल त्याच्या खूप आधी वितळून बसतं. पट्टा दाबलेला नसतो, दोन पावसाळ्यांत ओला होऊन खाली सरकतो. खिडकीच्या चौकटीची फट पीयू फोमच्या डब्याने भरतात. पिवळा फोम दिसला की समजा आगीला आत यायचा रस्ता तयार झाला.

ट्रे करताना राउटरने मागून व्ही-खाच मारतात आणि कड दुमडतात. नीट दुमडली तर कोअर झाकला जातो. घाईत कड दुमडतच नाहीत, कापून सिलिकॉन भरतात. तो उघडा कोअर पहिला पेटतो.

खडीसाखर
आणि त्या पोकळीत कबुतरं. बडोद्यात एसीपी लागली आणि मागे कबुतर नाही अशी इमारत दाखवा. काड्या, पिसं, वाळलेली विष्ठा. दिवाळीत एक रॉकेट त्यात गेलं की झालं.

वाघोडियाचा_वेल्डर
हसण्यावारी नेऊ नका, हे अगदी खरं पेटवण आहे. वरच्या कठड्याला कोपिंग बंद करत नाहीत आणि खालची कड उघडी सोडतात म्हणून कबुतर शिरतं. पाणी निथळायला खाली फट लागते, पण तिला स्टेनलेसची बारीक जाळी लावा, प्लास्टिकची नको. कबुतरापेक्षा मोठी ठिणगी दुकानांच्या पाट्यांची असते. एलईडी अक्षरांचे पॉवर सप्लाय पत्र्याच्या मागे स्क्रूने ठोकलेले, वायर धारदार कडेवरून गेलेली, पाऊस आत. आणि एसीचे आउटडोअर युनिट थेट एसीपीच्या जाळीआड, गरम हवा तिथेच फिरत. तुमच्याकडे खाली दुकानं, वर क्लिनिक. पाट्यांसाठी वेगळी स्टीलची चौकट, वेगळा एमसीबी, आणि पत्र्यामागे कुठलंही विजेचं सामान नाही, हे दुकानदारांकडून लिहून घ्या. काम चालू असताना वेल्डिंग-ग्राइंडिंग मढवलेल्या भागाच्या वर होऊ देऊ नका.

पुण्याहून_नागेश
महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे, त्याखाली परवानाधारक एजन्सीचा ब फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. दर्शनी भागाचा प्रश्न इथेही तसाच लोंबकळतो. फॉर्म म्हणतो यंत्रणा सुस्थितीत आहे. भिंत ही यंत्रणा नाही.

गोत्रीवासी
म्हणजे पुण्यातही नाही. ऐकून बरं वाटलं.

अलकापुरी_काच
काचेच्या दर्शनी भागाबद्दल संहिता बरीच स्पष्ट आहे, ते इथे नोंदवतो, कारण रेसकोर्सच्या बाजूला अर्ध्या इमारती काच अधिक एसीपी अशा मिश्र आहेत. एनबीसी २०१६ म्हणते: स्लॅब आणि काचेची भिंत यांतली फट प्रत्येक मजल्यावर स्लॅबइतक्याच अग्निरोधक क्षमतेच्या सामानाने बंद करा. प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारे पॅनेल, किमान १ मीटर बाय १ मीटर, एकमेकांपासून १० मीटरपेक्षा लांब नाहीत, उघडायची सोय जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर, आणि आतून किमान २५ मिमी उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं की हे आगीच्या वेळी उघडायचं आहे, अडवू नका. धूर बाहेर काढायला आणि फायरवाल्यांना आत यायला.

हे पॅनेल नंतर एसीपीखाली किंवा फ्लेक्सखाली गडप होतात. कोचिंग क्लासच्या फ्लेक्सने तीन खिडक्या झाकलेली इमारत फायर ऑडिटमध्ये पास कशी होते, हा प्रश्न नियम अपुरे असण्याचा नाही. नियम आहे, बघणारा वर मान करत नाही.

सूरसागरचा_मासा
वर मान केली की फ्लेक्सवरचा नेता दिसतो, म्हणून.

संपादक_मंडळ
राजकारण दुसऱ्या धाग्यावर. इथे कोअरवरच राहू या.

पादरारोडकर
सगळ्यांचे आभार. कंत्राटदाराने आता एक सर्टिफिकेट पाठवलंय. परदेशी प्रयोगशाळेचं, "बी-एस१,डी०" असं लिहिलेलं. म्हणजे झालं ना?

अकोटा_आर्किटेक्ट
घाई नको. सर्टिफिकेट खालून वर वाचा. तारीख आणि मुदत. ज्या कंपनीच्या नावे आहे ती आणि माल पुरवणारी एकच आहे का. बऱ्याचदा मूळ कारखान्याचं सर्टिफिकेट तिसराच ब्रँड स्वतःच्या नावाखाली फिरवतो. नमुन्याची जाडी, पत्र्याची जाडी, कोअरचं व्यापारी नाव: तुमच्या मालाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. ४ मिमीची चाचणी ३ मिमीला चालत नाही. जोडणी कशी होती: रिव्हेट की ट्रे, मागे पोकळी किती, मागे काय होतं. सिमेंट बोर्डवर सपाट ठोकलेला नमुना बी देतो, तोच तुमच्या ६० मिमी पोकळीवर काय देईल ते त्या कागदात नाही.

हा दर्जा ज्या एसबीआय (सिंगल बर्निंग आयटम) चाचणीतून येतो ती दीड मीटर उंच कोपऱ्याची, ३० किलोवॉटच्या बर्नरने केलेली. खोलीच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याएवढी आग. खिडकीतून बाहेर पडणारी आग याच्या कैक पट मोठी. भिंतीच्या संपूर्ण जोडणीची चाचणी वेगळी: अमेरिकेची एनएफपीए २८५, दोन मजली, तीस मिनिटं, ब्रिटनची बीएस ८४१४, किमान आठ मीटर उंच भिंत आणि खाली लाकडाचा ढीग. पुरवठादाराला विचारा: या ट्रे, या फ्रेम, या बॅरियरसह यांतली एक तरी आहे का? बारा मजल्यांच्या निवासी इमारतीला नसेल तर मी ए२ खाली उतरणार नाही.

जुना_नकाशा
आणि करारात लिहून घ्या: प्रत्येक बॅचमधून ३०० बाय ३०० मिमीचा तुकडा, मागे बॅच क्रमांक, दोन्ही बाजूंच्या सह्या, सोसायटीच्या ताब्यात. दर्जा पत्र्याच्या मागच्या बाजूवर छापलेला पाहिजे. पुढच्या संरक्षक फिल्मवरचं धरू नका, ती शेवटच्या दिवशी सोलून भंगारात जाते. पत्रा बंद व्हायच्या आधी प्रत्येक मजल्याच्या बॅरियरचे फोटो, मजला आणि बाजू लिहिलेले. बिलाचा शेवटचा हप्ता या फोटोंवर अडवून ठेवा.

सरकारी बाजूनेही दार बंद नाही. चीफ फायर ऑफिसरना कमिटीच्या लेटरहेडवर पत्र द्या: असं असं काम करायचं आहे, दर्जा हा, जोडणीचं रेखाचित्र सोबत, फायर प्लॅनमध्ये सुधारणा लागते का कळवावं. पोच घ्या. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तेच पत्र फाइलला लावा, म्हणजे फायर सेफ्टी ऑफिसरला भिंतीकडे पाहावंच लागेल. आणि मूळ मंजूर फायर प्लॅन सोसायटीकडे नसेल, बहुधा नसतोच, तर माहिती अधिकारात मागा. गुजरातेत वीस रुपये फी, तीस दिवस. मंजूर एलिव्हेशनही त्यातच मागा.

गोत्रीवासी
हे पत्राचं पटलं. माझा विरोध मागे नाही, पण पत्राला अनुमोदन. फक्त ज्यांच्या इमारतींवर आधीच पीई चढलंय त्यांनी काय करायचं तेही कुणी लिहा. सगळं उतरवायला पैसे कुठून आणणार?

वाघोडियाचा_वेल्डर
आधी कापून खात्री. पीई निघालं तर तातडीने विजेचं सामान पत्र्यापासून सोडवा: पाट्या, आउटडोअर युनिट, लटकत्या वायरी. घरटी काढून वर-खाली जाळी. मग उतरवायचा क्रम: जिन्याच्या बाजूची उभी पट्टी, बाहेर पडायच्या दाराच्या वरचं छज्ज्याचं मढवण, मीटर रूम आणि ट्रान्सफॉर्मरजवळचं, बाल्कन्यांच्या आजूबाजूचं. मधे मधे आडवे पट्टे काढून आग थांबेल असं स्वतःच ठरवू नका. पोकळी मागून सलग असेल तर पट्टा काढून ती उघडी पडते आणि ओढ वाढते. ते फायर इंजिनिअरकडून काढून घ्या. तोवर अलार्म चालू, रात्रीच्या वॉचमनला कुणाला उठवायचं ते माहीत.

कलाभवन_७१
पादरारोडकर, एवढं सगळं लिहून झालं, पण तुमची पहिली पोस्ट परत वाचली. प्लास्टर फुगलंय. ते का फुगलं ते कुणी पाहिलं का? बाहेरच्या भिंतीवर फुगवटा म्हणजे बहुतेकदा आत पाणी: बाथरूमच्या डाउनटेक पाइपचे सांधे, गच्चीचा कठडा, खिडकीखालची चिरी. त्यावर एसीपी मारली तर पाणी थांबत नाही, दिसेनासं होतं. सळ्या गंजून फुगत राहतात. शिवाय एल-क्लॅम्पचे अँकर फास्टनर सैल प्लास्टरमध्ये किंवा पोकळ ब्लॉकमध्ये धरत नाहीत. ते काँक्रीटच्या बीम-कॉलममध्येच जायला हवेत, आणि तोच काँक्रीट गंजाने सोलत असेल तर बाराव्या मजल्यावरचा ट्रे वाऱ्यात सुटेल.

लाकडी हातोडीने पूर्ण भिंत ठोकून पोकळ आवाजाचे भाग खडूने आखा, पाइपांची गळती शोधा, सैल प्लास्टर काढून गंजलेल्या सळ्या साफ करा, परत प्लास्टर आणि वर चांगला बाहेरचा रंग. दर्शनी भाग उठून दिसावा एवढीच हौस असेल तर तळमजल्याच्या दुकानांपुढे सॉलिड अॅल्युमिनियमचा २-३ मिमी पत्रा किंवा फायबर सिमेंट बोर्ड लावा, कोअरची भानगडच नाही.

पादरारोडकर
हातोडीचं काम रविवारी करून घेतो. झोपाळा लावणारा माणूस कुणाच्या माहितीत आहे का? बारा मजल्यांचा दोर आणि सेफ्टी बेल्ट स्वतःचा असलेला.

वाघोडियाचा_वेल्डर
मेसेज करतो. दोर गच्चीच्या कठड्याला बांधू देऊ नका, कॉलमला बांधा. कठडाच फुगलेला असेल.